एक सातारचा, एक सांगलीचा

"मेंढरांचं मेंढरांत ऱ्हाऊ द्या, घरात आणू नगा," दगडाबाई एकदा म्हणाली होती. एकदाच. तेव्हा तिचा नवरा बिराप्पा चहात खारी बुडवत होता, आणि खारी बुडवणं हे नाजूक काम असतं. जरा उशीर झाला की ती मोडून तळाला जाते. त्याचं सगळं लक्ष खारीत होतं. खारी शाबूत वर आली.

बिराप्पाचं गाव जत तालुक्याच्या पूर्वेला, जिथून पुढे दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये सुरू होतात. तिथे लोक पावसाबद्दल दूरच्या नातेवाइकासारखं बोलतात: येतो म्हणाला होता. पाणी टँकरने येतं, ज्वारी देवाच्या मर्जीने येते आणि प्रतिष्ठा मेंढ्याच्या नाकाने येते. यातलं शेवटचं बाहेरच्याला पटकन कळत नाही. तिकडच्या जातिवंत नराचं नाक पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं असतं. जितका वाक जास्त तितका मालक मोठा. बाकीचं अंग त्या नाकाला उभं राहायला काहीतरी हवं म्हणून दिलेलं असतं.

बिराप्पाच्या मेंढ्याचं नाव इनामदार. काम न करता खातो म्हणून ते गमतीने पडलं होतं. पुढे गंमत गेली आणि नाव उरलं. इनामदाराला दूध, अंडी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. आटपाडीपासून विजापुरापर्यंतचे लोक आपल्या मेंढ्या घेऊन त्याच्या दारात यायचे आणि दाढ्या करून यायचे. त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागायचा, केक कापला जायचा. केक अर्थातच माणसं खायची. दगडाबाईचा वाढदिवस कधी असतो हे घरात कुणाला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

तिचा जन्म माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिचं नाव दगडा ठेवलं. दगडावर मरणाची नजर जात नाही, असा आईबापाचा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. नंतरही तिच्यावर कुणाची नजर फारशी गेली नाही. बाप मेंढकाच होता. लग्नात त्याने लेकीबरोबर काही मेंढ्या पाठवल्या. इनामदाराची आई त्याच वंशातली. पण हे फ्लेक्सवर कधी आलं नाही. पूर्वी कोकराला आईच्या नावाने ओळखायचे: बांडीचं, मोरीचं, लांबकानीचं. मेंढ्याला मोटारीचा भाव आला तेव्हापासून कोकराला बाप लागू लागला. आई कोण ते सगळ्यांना दिसतं, आणि जे फुकट दिसतं त्याला बाजारात कोण विचारतो?

दिवाळी सरली की ही मंडळी मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची, पाण्याच्या मुलखात. घोड्यावर संसार, संसारावर पाय बांधलेल्या कोंबड्या, मागे दगडाबाई. बागायतदारांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची. मेंढरं रात्रभर लेंड्या टाकणार, बागायतदार त्याबद्दल धान्य देणार. कडेगावच्या गोमटेश पाटलांच्या रानात त्यांचा मुक्काम ठरलेला. पाटील जैन. मांसाचं नाव काढलं तरी पाणी घेऊन चूळ भरणारा माणूस, पण लेंडीखताशी त्यांच्या धर्माचं काही वाकडं नव्हतं.

त्याच फिरस्तीत तिला जुळी झाली. मुक्काम पाटलांच्या रानाच्या जरा पलीकडे, कराड तालुक्याच्या हद्दीत होता, म्हणजे सातारा जिल्ह्यात. मावळतीला एक मुलगा झाला. सावळा, चपट्या नाकाचा, बापाची नक्कल. बिराप्पा गूळ वाटायला निघाला तर बाळंतपण करणारी म्हातारी म्हणाली, थांबा, आत अजून कुणीतरी हाय. ते कुणीतरी काही केल्या येईना. मग बिराप्पा पाटलांच्या दारात पळत गेला, पाटलांनी टेंपो काढला, त्यांची बायको चंदनबाला पाठीमागच्या हौद्यात दगडाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि कडेगावच्या सरकारी दवाखान्यात उजाडताना दुसरा मुलगा झाला. हा उजळ, लांबोडा, आणि नाकाला वाक.

अशा रीतीने एका आईच्या जुळ्या मुलांचे जिल्हे वेगळे झाले आणि तारखाही वेगळ्या झाल्या. शाळेत घालताना हेडमास्तर म्हणाले, बाई, एका बाळंतपणाला दोन जिल्हे मी कसे दाखवू? दगडाबाई म्हणाली, मी बी कुटं ठरवून केलंया? हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला आणि नावं घातली. थोरला ऋषिराज, धाकटा विश्वजित. गाव त्यांना 'सातारकर' आणि 'सांगलीकर' म्हणायचं. दोघं भांडले की लोक म्हणायचे, बघा, जिल्हा परिषदा भिडल्या. ही चेष्टा प्रेमाची होती. चेष्टा बहुतेक वेळा प्रेमाचीच असते. कुणी ती हत्यारासारखी वापरत नाही तोवर.

बिराप्पाचा जीव विश्वजितवर. बाजाराला न्यायचं ते विश्वजितला. इनामदाराचा फोटो काढायचा तर शेजारी विश्वजित उभा हवा, तोही एका बाजूने, म्हणजे दोन्ही नाकं एका रेषेत येतील. "माज्या घरात दोन नाकं हायती," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तेव्हा ऋषिराज मागे लेंड्या झाडत असायचा. त्याचं नाक बापाचं होतं, म्हणजे नसल्यात जमा.

पोरं दहावीत गेली त्या वर्षी मोरी नावाची मेंढी व्याली. दोन कोकरं. एक बांडं, म्हणजे ठिपक्यांचं, आणि चोचीचं, डिट्टो इनामदार. दुसरं काळंकुट्ट आणि चपट्या तोंडाचं. पंचाईत अशी की आटपाडीच्या एका शौकिनाने दोन्ही कोकरं पोटात असतानाच इनामदाराची म्हणून ठरवून ठेवली होती. त्याने काळं घ्यायला नकार दिला. बिराप्पाने बिरोबाची शपथ घेतली. शौकीन म्हणाला, बिरोबाबद्दल मला आदर आहे, पण मला डीएनए पाहिजे.

सांगलीहून गुरांचे डॉक्टर आले, भरतेश नावाचे, तरुण, स्वच्छ शर्टातले. त्यांनी मोरीचं, इनामदाराचं आणि दोन्ही कोकरांचं रक्त काढलं, शेजारच्या हरिबाच्या काळ्या मेंढ्याचंही काढलं, आणि प्रयोगशाळेकडे पाठवलं. उत्तर आलं: बांडं कोकरू इनामदाराचं. काळं हरिबाच्या कुंपणउड्या मेंढ्याचं. आई एक, वेत एक, बाप दोन. म्हाताऱ्या मेंढक्यांना याचं काही वाटलं नाही. माजावरची मेंढी दोन नरांकडे गेली तर असं होतं, हे त्यांच्या आज्यालाही ठाऊक होतं. मात्र आजवर त्याचा कागद नव्हता. कागद आला की जुनी गोष्टही पहिल्यांदा घडते.

डॉक्टरांनी देवळापुढे लोक जमवून सगळं नीट समजावून सांगितलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण शिकलेला माणूस उतारावरच्या सायकलीसारखा असतो. जाता जाता ते म्हणाले, "हे माणसांतही होऊ शकतं. जुळी, पण बाप वेगळे. लाखात एखादं उदाहरण. पण होतं."

गावाने लाख सोडून दिलं आणि एखादं ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर हरिबा बसला होता. त्याच्या मेंढ्याने नाव काढल्यापासून तो जरा पाय पसरून बसायला लागला होता. बिराप्पाला बघून तो म्हणाला, "गड्या, त्यो लाखातला एक हुडकाय लांब जायाला नगो. तुज्याच घरात एक चोचीचा हाय, एक चपटा."

सगळे हसले. बिराप्पाही हसला, सगळ्यांत जास्त वेळ तोच हसला. घरी येऊन त्याने बायकोला तो विनोद सांगितला. तेव्हाच ती ते वाक्य म्हणाली, मेंढरांचं मेंढरांत ऱ्हाऊ द्या. आणि खारीचं जे झालं ते झालं.

मग बिराप्पा विचार करू लागला. त्याला त्याची सवय नव्हती, त्यामुळे विचार सुरू कसा करायचा ते जमलं, थांबवायचा कसा ते जमलं नाही. कळपात चोचीचं ते खरं आणि चपटं ते परकं. पण घरातला इनामदार तो स्वतः, आणि आरशात पाहिलं तर नाक चपटं. म्हणजे घरात उलटं धरायचं. चपटा आपला. चोचीचा बाहेरचा. ज्या नाकावर त्याने पंधरा वर्षं छाती फुगवली तेच नाक आता जेवताना समोर बसून त्याच्याकडे बघू लागलं.

मेंढकाच तो, त्याने महिने मागे मोजले. वैशाख निघाला. त्या वैशाखात तो भावाच्या लग्नाला गावी आला होता, आणि दगडाबाई कळपाबरोबर पाटलांच्या रानात. पाटील उजळ. पाटील उंच. नाक कसं होतं ते नेमकं आठवेना. पण टेंपो? परक्या बाईसाठी माणूस स्वतःचं डिझेल कशाला जाळेल? बिराप्पाने स्वतःच्या मनाला विचारलं, तू जाळशील का? मन म्हणालं, छे. मग झालं तर.

घरात बदल झाला तो दुधापासून. आधी ऋषिराजला पेला भरून, मग उरलं तर विश्वजितला. बाजाराला ऋषिराज जाऊ लागला. त्याला इनामदाराची भीती वाटायची. तो दोरी लांब धरून तोंड वळवून उभा राहायचा आणि लोक विचारायचे, दुसरं पोरगं कुठं हाय? दुसरं पोरगं मागे लेंड्या झाडत होतं. पुढे पुढे ते बसलं की नाकावर हात धरून बसू लागलं, दातदुखी असल्यासारखं. बापाला 'आबा' म्हणायचं त्याने हळूहळू बंद केलं. भांडून नव्हे, परक्याची वस्तू चुकून वापरली जाऊ नये म्हणून माणूस हात आखडतो, तसं. दगडाबाई बघायची. दुधाचे दोन्ही पेले ती परत पातेल्यात ओतायची आणि नव्याने भरायची, सारखे. बिराप्पा म्हणायचा, "म्या भरलेलं दूध परत वततीस व्हय?" ती चूल सारवायला घ्यायची.

शेवटी तो पाटलांचं नाक बघायला कडेगावला गेला. निमित्त काढलं, औंदा मेंढरं बसवायची का. पाटील आता थकले होते, ओसरीत खुर्ची टाकून पायाला तेल लावत बसले होते. त्यांनी चहा मागवला. बिराप्पाने त्यांना समोरून पाहिलं, मग कप ठेवायच्या निमित्ताने डावीकडून, मग उठून उजवीकडून. नाक सरळ होतं. वाकही नाही, चपटंही नाही. पुरावा म्हणून अगदी निरुपयोगी नाक.

"काय बघतोस रं?" पाटलांनी विचारलं. "दाढी ऱ्हायलीया का कुटं?"

आतून चंदनबालाबाई आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, आमची पोरं किती उंच झाली? 'आमची' ऐकून बिराप्पाच्या घशात चहा अडकला. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि त्या दिवशीच्या टेंपोची गोष्ट सुरू केली, जी त्या पंधरा वर्षं येईल त्याला सांगत होत्या. रस्ता कसा होता, हे कसे टेंपो बैलगाडीसारखा हाकत होते, दगडाबाई कळ आली की कशी चावत होती. त्यांनी मनगटावरचा व्रण दाखवला. मग म्हणाल्या, "पर धाकट्याचं नाक बघ, तुज्या सासऱ्याचं हाय. म्हातारा आला व्हता की माणहून, नातवंडं बघाय. बांधावरनं आदी नाक आलं, मग म्हातारा आला."

पाटील तेल लावता लावता हसले. बिराप्पाला सासरा आठवला. ते नाक आठवलं. लग्नात मुंडावळ्या बांधताना तो म्हाताऱ्याच्या समोरच उभा होता, आणि नाकामुळे म्हाताऱ्याला तपकीर ओढायला बोटं वाकडी करावी लागायची. कोकराची चोच आईच्या बापाकडून येऊ शकते, हे तो कुठल्याही मेंढीबद्दल झोपेत सांगू शकला असता.

दुसरा एखादा माणूस तिथूनच हलक्या पायाने घरी गेला असता. बिराप्पाही एस.टी.च्या थांब्यापर्यंत हलक्या पायानेच गेला. मग त्याला हरिबा आठवला. त्याने हरिबाला सांगून ठेवलं होतं की मीही टेस्ट करणार, होऊन जाऊ दे. आता परत जाऊन काय सांगायचं, एका बाईनं सांगितलं म्हणून पटलं? आटपाडीच्या माणसाने बिरोबाची शपथ चालवून घेतली नाही. मग गावाने पाटलीणबाईंचं मनगट का चालवून घ्यावं? नाकाचा प्रश्न सुटला होता. पण प्रश्न आता नाकाचा राहिला नव्हता.

त्याने दगडाबाईला अंगणात बसवून सांगितलं, पोरांसमोरच. पंचांसारखं बोलायचं म्हणून डोक्याला पटका बांधला होता. टेस्ट होणार. विश्वजित आपला निघाला तर सगळं होतं तसं. नाही निघाला तर तिने त्याला घेऊन माणला जायचं आणि ऋषिराज इथे राहणार.

"म्हंजी एक मी न्यायचा आन एक तुमी ठेवायचा," दगडाबाई म्हणाली.

"ज्याचं त्याला."

"ती एकमेकाला सोडून कवा ऱ्हायल्यात?"

"मोरीची दोन ऱ्हायलीच की. आटपाडीवाल्यानं बांडं नेलं, काळं हितं हाय. चरतंय."

ऋषिराजने भावाकडे पाहिलं. विश्वजित जमिनीकडे बघत होता. दगडाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, कधी जायचं?

सांगलीला बसस्टँडजवळ एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर नमुने घेण्याचं केंद्र होतं. तिथे चंदना नावाची मुलगी बसायची, पांढऱ्या कोटात, समोर संगणक. तिने आधी सांगितलं की आईची संमती असल्याशिवाय आमच्याकडे मुलांचे नमुने घेत नाहीत. बिराप्पा म्हणाला, आई राजी आहे, तुम्ही लिहा. ती नावं टाइप करू लागली. आई म्हणून दगडाबाई. मुलं म्हणून दोघं. मग तिने बिराप्पाचं नाव घातलं आणि त्यापुढे काय लिहिलं ते वाचून दाखवलं: कथित पिता.

"कथित म्हंजी?" बिराप्पाने विचारलं.

"म्हणजे अजून ठरायचं आहे."

"अवो, म्या बाप हाय ह्यांचा."

"मग काका, टेस्ट कशाला?"

बिराप्पाने मागे वळून पाहिलं, कुणी ओळखीचं ऐकत नाही ना. बाकावर एक म्हातारा साखर तपासायला आला होता, तो लक्ष देऊन ऐकत होता. बिराप्पाने घसा खाकरून सांगितलं की टेस्ट गावासाठी आहे, त्याचं स्वतःचं तसं काही नाही. चंदनाने मान हलवली. रोज असे दोन-चार 'गावासाठी' येत असावेत.

मग तिने दगडाबाईला बाजूला घेतलं आणि तुमच्या मर्जीनं आहे ना मावशी, असं हळू आवाजात विचारलं. बिराप्पाने कान दिला. दगडाबाई म्हणाली, "माजी मर्जी इचारणारी तू पयली हायीस, बाळा. घे तू कापूस." आणि अंगठा कुठे लावायचा ते विचारलं. चंदना म्हणाली, सही येत नाही का? येते, दगडाबाई म्हणाली, पण ह्याला अंगठाच बरा.

कापसाच्या काडीने गालाच्या आतून नमुना घ्यायचा असतो, रक्तबिक्त नाही. ऋषिराजने आ केला. विश्वजितने नाकावरचा हात न काढताच आ केला. बिराप्पाची पाळी आली तेव्हा त्याने इतका मोठा आ केला की चंदना म्हणाली, काका, एवढं नको, बाप तोंडात नसतो.

उत्तर यायला तीन आठवडे लागणार होते. त्या दिवसांत गाव बिराप्पाशी फार चांगलं वागलं. परीक्षेला बसलेल्या मुलाशी वागतात तसं. हरिबा स्वतःहून चहा पाजायचा आणि धीर धर म्हणायचा. दगडाबाई रोजच्यासारखीच होती. मेंढरांना पाणी, कोकरांना पाजणं, चूल. एक गोष्ट मात्र तिने नव्याने सुरू केली: ऋषिराजला भाकरी थापायला शिकवली. पीठ किती मळायचं, पाणी कधी फिरवायचं, तवा कसा ओळखायचा. पहिल्या भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या झाल्या, नंतर गोल होऊ लागल्या. कालवण शिकवलं. आजारी कोकराला गूळपाणी कसं द्यायचं ते दाखवलं. बिराप्पाला बरं वाटलं. पोरगं हाताखाली आलं, असं तो गाड्यावर म्हणाला. रात्री ती दोन्ही पोरांना दोन बाजूंना घेऊन निजायची, एवढी वाढलेली पोरं.

उत्तर डॉक्टर भरतेशांच्या मोबाईलवर आलं. त्यांनी ते तीनदा वाचलं, कारण त्यांनाही आता गावाची धास्ती वाटू लागली होती. दोन्ही मुलं बिराप्पाची. शंकेला जागा नाही.

बिराप्पा आधी खाली बसला. मग उठला, आणि उठला तो वेगळाच माणूस होऊन उठला. पंचक्रोशीत बाप पुष्कळ होते, पण ते सगळे ऐकीव. विज्ञानाने ठरवलेला बाप तो एकटाच. कथित बाप आता हरिबा होता, डॉक्टर होते, खुद्द आटपाडीचा शौकीन होता. असं यश घरात ठेवणं बरं नव्हे. चौकात फ्लेक्स लागला: मधे बिराप्पा, दोन्ही बाजूंना मुलं, खाली इनामदार, आणि वर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के शुद्ध रक्त, हार्दिक अभिनंदन'. दगडाबाईचा फोटो नव्हता. तिचा फोटोच नव्हता. देवळापुढे मांडव पडला. हलगीवाले आले. एक पोरगा सातारकर आणि एक सांगलीकर म्हणून बिराप्पाने साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचं भडंग दोन्ही आणलं. या कल्पनेचं लोकांनी कौतुक केलं.

सत्काराला सुरुवात डॉक्टरांपासून झाली. त्यांना शाल मिळाली आणि त्यांनी वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण केलं. लाखात एखाद्याबद्दल या वेळी ते काही बोलले नाहीत. मग इनामदाराला आणून त्याच्या कपाळावर मूठभर भंडारा टाकला, कारण हे सगळं सुरू त्याच्यापासून झालं होतं. मग हरिबा बोलला. मी थट्टेनं बोललो होतो, पण बघा, माझ्या थट्टेमुळं केवढं सत्य बाहेर आलं, असं तो म्हणाला. त्यालाही शाल मिळाली. मुलांना मंचावर बोलावून शाली पांघरल्या, पेढे भरवले. बिराप्पाने विश्वजितला पुढे ओढून त्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे एका बाजूने वळवला, जुन्या सवयीने.

मग बिराप्पाने माईक हातात घेतला. त्याला भाषणाची सवय नव्हती, पण आज शब्द आपोआप येत होते. डोळेही भरून आले. तो मनापासून बोलत होता, यात शंका नाही.

"मंडळी," तो म्हणाला, "झालं गेलं बिरोबाला वाहिलं. माज्या मनात आता काय बी किंतु न्हाई. सगळ्यांच्या म्होरं सांगतो, म्या दगडीला माफ केलं."

टाळ्या झाल्या. बायकांच्या बाजूने जरा उशिरा झाल्या. कुणीतरी ओरडून म्हणालं, वयनीचा बी सत्कार करा की. साडी-चोळी आणलेली होतीच. दगडाबाईला बायकांनी उठवलं, पाठीला हात लावून पुढे केलं, आणि ती मंचावर चढली. हिरवी साडी तिच्या हातावर ठेवली, वर नारळ ठेवला. फोटोवाल्याने जरा हसा म्हटलं. बिराप्पाने भंडाऱ्याच्या ताटात हात घातला, मूठ भरली आणि तिच्या कपाळाकडे नेली.

तिने मान मागे घेतली. फार नाही, बोटभर. बिराप्पाला वाटलं, लाजली. त्याने पुन्हा हात पुढे केला. या वेळी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, खूप वर्षांनी कुणी ओळखीचं दिसावं आणि नाव आठवू नये तसं. साडी तिने टेबलावर ठेवली. नारळ घरंगळेल म्हणून त्याला पेढ्यांच्या खोक्याचा टेकू दिला. मुलांजवळ गेली, दोघांच्या खांद्यावरच्या शाली काढल्या, घडी घातल्या आणि त्याही टेबलावर ठेवल्या.

बिराप्पा माईकमध्येच विचारत होता, "अगं, काय झालं? आं? सगळं चांगलं झालंय न्हवं?" त्याचा आवाज देवळाच्या कर्ण्यातून गावभर जात होता. मूठ अजून हवेतच होती, बोटांच्या फटीतून पिवळं झिरपत होतं. हरिबा म्हणाला, पाणी आणाय निघाल्या असतील.

दगडाबाई मंचावरून उतरली, बसलेल्या बायकांमधून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून लुगडं जरा वर धरून, मांडवाच्या बाहेर निघून गेली.